ब्रेकचा दाब भरेपर्यंत

डोंगरामागून आलेले ऊन आधी ओस पडलेल्या मिठागराच्या बांधावर टेकले. तिथे ते बराच वेळ रेंगाळले, जणू पुढे जायची घाई कुणालाच नव्हती. मग अंगण ओलांडून ते खिडकीत शिरले, पितळी डब्याच्या कडेवर क्षणभर थांबले आणि विटलेल्या गोधडीवरून सरकत येसूबाईंच्या पायांशी येऊन पोहोचले. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली.

परेशने ओठाशी नेलेला कप खाली ठेवला. खिडकीबाहेर त्याचा जुना ट्रक घरघरत उभा होता. इंजिन चालू ठेवून ब्रेकला हवेचा दाब भरायला रोज वीस मिनिटे लागत. तेवढाच त्याचा चहाचा निवांतपणा, आणि तोही आता उरला नव्हता.

“आये, वाफ घेतलीस?”

“घेतली.”

“मग खोकतेस कशाला?”

“हौस हाय म्हनून!”

काल अलिबागच्या डॉक्टर कल्पिता त्याच्यावरच वैतागल्या होत्या. “खोकला दाबायचं औषध कुणी दिलं यांना? श्वासनळ्यांत बारीक लव असते. ती सतत हलत धूळ, कफ वर लोटते. धुराने ती लुळी पडली की तिचं काम खोकल्याला करावं लागतं. तुम्ही तोही बंद करताय! घरात चूल आहे?”

“गॅस आहे. धूर खाडीपलीकडच्या कंपनीचा,” त्याने ठामपणे सांगितले होते.

“आज पाचवी तक्रार देतो कंपनीविरुद्ध,” तो आता तणतणला.

“कुनाविरुद्ध? कंपनी धा दिस बंद हाय. दुरुस्ती चाललीय. तिथं कामाला जानारा तुजा बुधाजीकाका घरी बसून माझं डोकं खातोय.”

“राख उडत असेल.”

“कंच्या वाऱ्यावर? सकालचा वारा आपल्याकडून खाडीकडं जातो. नाखव्याचा नातू तू, तुला मी सांगू?”

“मग खिडकी तरी लावत जा! शंभरदा सांगितलं.”

तो चिडून उठला. खिडकीच्या फळीला हात लावला आणि तसाच थबकला. उन्हाच्या तिरिपेत एक निळसर पट्टा संथपणे आत येत होता. डब्यावरून, गोधडीवरून, आईच्या तोंडापर्यंत. उलट बाजूने तो सायलेन्सरपाशी जाऊन संपत होता. हा पट्टा तो रोज सकाळी पाहत आला होता; त्याचा माग मात्र आजच काढला.

बाहेर जाऊन त्याने इंजिन बंद केले.

“का रं, बिघडला?” आतून प्रश्न आला, आणि पाठोपाठ खोकला.

“न्हाय, आये.”

आईच्या छातीतला धूर त्याच्याच ट्रकचा होता.