मोहाच्या सावलीतला पंप

गावात सोलर पंप बसवून देणाऱ्या मिथुन साहेबानं फोनवर बजावलं होतं : सोमवारी येतो, तोवर ते मोहाचं झाड तोडा, नाही तर पंप उचलून दुसऱ्या गावाला देतो. बुधरीनं फोन ठेवला आणि मनातल्या मनात त्याला चार शिव्या हासडल्या. झाड म्हाताऱ्या सुकरीबाईचं, तिच्या आजेसासऱ्यानं राखलेलं. एटापल्लीकडच्या जंगलात माणूस एक वेळ भावाशी बोलणं तोडेल, मोह तोडणार नाही.

पण पाण्याचं काय? सोलर पंप आला आणि दोन महिने टाकी भरली, बायांची नाल्यातल्या झिऱ्यावरची वारी सुटली. आता आठ दिवस टाकी कोरडी ठणठणीत होती.

चूक साहेबाचीच. तो आला फाल्गुनात. मोह तेव्हा उघडाबोडका असतो, नुसती फुलं, पानाचं नाव नाही. झाडाखाली लख्ख ऊन बघून त्यानं तिथंच सोलरच्या पाट्यांची चौकट रोवली. वैशाखात मोह पानांनी भरतो हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण एवढा शिकलेला माणूस, त्याला माहीत असेलच की, म्हणून सारं गाव गप्प! बुधरी तेव्हा मूल गावी सोलर दुरुस्ती शिकत होती. परतल्यावर चौकट पाहून तिनंही जीभ आवरली, आणि त्याचाच तिला आता सगळ्यात जास्त राग येत होता. एका पाटीवर सावली पडली की एकीला एक जोडलेल्या साऱ्या माळेचा जोर जातो, हे तिला शिकवलेलं होतं ना!

गावच्या बैठकीत लच्छू पाटलानं निदान दोन फांद्या छाटायचं सुचवलं.

"झाड गेलं तं जाऊ द्या," सुकरीबाई म्हणाली. "लेकरायले पानी पाह्यजे."

बुधरी ताडकन उठली. "काऊन जाईन, बाई? झाड हालत नाई, पाट्या तं हालते ना!"

शनिवारी तिनं झाडापासून साठ पावलांवरच्या टेकाडावर बांबू रोवले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावली कुठं कुठं फिरते ते पाहत उन्हात भाजून घेतलं. लच्छू पाटील घरातली पंख्याची वायर जोडायला निघाला होता. बुधरीनं त्याला झापलं : अंतर वाढलं की बारीक वायर वाटेतच जोर खाऊन टाकते. मग सुकरीबाईनं साठवणीतली दोन टोपल्या मोहफुलं काढून दिली, आणि ती विकून एटापल्लीहून जाड वायर आली.

रविवारी बुधरीनं आधी स्विच बंद केला आणि पाट्यांवर गोधड्या टाकल्या, कारण उन्हातली पाटी स्विच बंद केला तरी करंट मारते. सोडवलेल्या प्रत्येक वायरला तिनं खुणेचा रंगीत दोरा बांधला. आठ जणांनी चौकट खांद्यावर घेतली, टेकाडावर तिचे पाय खोल गाडले, दगड ठोकले, तोंड दक्षिणेला केलं.

सोमवारी दुपारी साहेब गाडी आणि चार माणसं घेऊन आला. उभं झाड दिसताच त्याचा चेहरा आंबला. बुधरीनं गोधड्या काढल्या, ओल्या फडक्यानं धूळ पुसली आणि स्विच दाबला.

काहीच झालं नाही. साहेबाची माणसं हसली. मग नळी खोकली, आधी लाल पाणी आलं, आणि मागून मनगटाएवढी धार टाकीत कोसळली. सुकरीबाईनं दोन्ही हात धारेत घातले आणि ती भर गावात ढसाढसा रडली. बाया ओरडत सुटल्या. बुधरीला वाटलं, आपणही ओरडावं, आणि ती ओरडलीच.

साहेबानं एकेक जोड ओढून पाहिला. खोट काही सापडेना. शेवटी घसा खाकरत तो म्हणाला, पलीकडच्या दोन गावांतही अशीच तक्रार आहे, बुधरी येईल का बघायला?

"येईन," बुधरी म्हणाली. "पन पहिले तिथल्या बायायले इचारा, कोन्या झाडाले पानं कवा येते."

साहेबानं वही काढली, आणि मोहाच्या गार सावलीत बसून ते लिहून घेतलं.