पिठातलं खूर

"थांबा, कुणी हात लावू नका," असं म्हणत गेनू सारवलेल्या जमिनीवर उकिडवा बसला आणि त्याने सदऱ्याच्या खिशातून कॅलिपर काढला.

बायामाणसं पुढे वाकून बघू लागली. दोन जबड्यांत वस्तू धरून मोजायची ती चकचकीत पट्टी रहाटणीत कुणी पाहिली नव्हती. गेनूच्या पुढ्यात परात होती आणि परातीत पसरलेलं जोंधळ्याचं पीठ. काल बापाला, कोंडाजीला, नदीवर पोचवून आल्यावर, त्याने प्राण सोडला त्याच जागी ही परात मांडली होती. मधोमध दिवा ठेवून वर बांबूचं डालगं पालथं घातलं होतं. गेलेला माणूस ज्या जन्माला जातो त्याचं पाऊल सकाळी पिठात उमटतं, असं गावात सगळेच मानत. कालपर्यंत गेनूही मानत होता.

आज डालगं उचललं तर पिठात खूण होती. शेजारीशेजारी दोन खळ्या.

"वासराचं खूर," ठकुआत्या म्हणाली. कोंडाजीची ही बहीण मारुंजीहून आली होती आणि परातीजवळच निजली होती. "दादा घरातच येतोय गं, सोजरा. गाय व्यायला झालीच हाय."

गेनूची आई सोजराबाई कालपासून रडली नव्हती. ती आता पदर तोंडाला लावून रडली. शेजारच्या म्हाताऱ्या चिमाजीने मान हलवली.

"म्हंजे पोरावर राग धरून न्हाई गेला कोंडाजी. बरं झालं बाबा."

हेच गेनूला झोंबलं. काल सकाळी चिमाजीच नदी ओलांडून पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात निरोप घेऊन गेला होता. बा घाबरा झालाय, चल. गेनू तेव्हा काचेच्या बशा मोजत होता. बशीत जंतू वाढवायचे आणि मधे औषध सोडायचं. औषधाभोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल पडतो, त्या गोलाचा व्यास घेतला की औषधाचा जोर कळतो. सातवी झालेल्या शेतकऱ्याच्या पोराला साहेबांनी हे काम विश्वासाने दिलं होतं. "सा बशा राहिल्यात, मोजून येतो," गेनू म्हणाला होता. मोजून घरी आला तेव्हा बापाच्या तोंडात पाणी घालून झालं होतं. कॅलिपर म्हणे घाईत खिशातच राहिला. कसली घाई! सहा बशांनंतरची ती घाई.

त्या सहा बशांची गोष्ट चिमाजीच्या तोंडून सगळ्या आळीत पोचली होती. काल सरणापाशी गेनूच्या शेजारी कुणी उभं राहिलं नव्हतं. आणि आज पिठातल्या दोन खळ्यांवर सगळे त्याला माफ करायला निघाले होते. ती माफी त्याला सोसेना. ज्या कामापायी बाप गाठता आला नाही, त्या कामानेच काय खरं ते सांगावं, असं वाटून त्याने कॅलिपरचे जबडे उघडले.

"रुंदी सारखीच हाय. पंधरा मिलिमीटर," तो कारखान्यातल्यासारखा मोठ्याने बोलू लागला. "पर लांबीला फरक हाय. एक पंचवीस, दुसरी पंधरासुदिक न्हाई. खुराच्या दोन्ही फाका सारख्या असत्यात. हे खूर न्हाई. ही माणसाची बोटं हायत. आन त्यातलं एक..."

ठकुआत्याने झटकन हात घालून पीठ सपाट केलं.

"माजीच बोटं हायती," ती म्हणाली. "सोजरीला बरं वाटावं म्हणून केलं. झालं समाधान?"

एका बाईने चेहरा वळवला, दुसरी उठून गेली. "मेलेल्या भावाशी असा खेळ," चिमाजी पुटपुटला आणि काठी टेकत बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आत्याने आपलं लुगड्याचं बोचकं उचललं. ती तिसऱ्या दिवसापर्यंत राहणार होती.

मारुंजीला निघालेल्या आत्याला गेनूने वाकडच्या वाटेवर गाठलं.

"आत्या, चुकलं माजं. चारचौघांत तुला बोलायला नको व्हतं."

आत्या थांबली. बोचकं खाली ठेवून तिने दोन्ही पंजे त्याच्यापुढे पसरले. काटक्यांसारखी बारीक, लांब बोटं. दहाच्या दहा धड.

"घे माप," ती म्हणाली.

गेनू बघत राहिला. मग त्याला कोयता आठवला. तो चार वर्षांचा असताना कडबा तोडताना आईच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेऱ्यातून गेलं होतं. त्या हाताने तिने त्याला वीस वर्षं भाकरी वाढली होती. पंधरा मिलिमीटरसुद्धा नाही, हे त्याने तिच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आत्याकडे वर बघायचीही त्याला लाज वाटली.

"दादानं काल तीनदा इचारलं, आला का म्हणून," आत्या म्हणाली. "चौथ्यांदा न्हाई इचारलं. भिंतीकडं तोंड केलं. ते सोजरीला ठावं हाय आन मला. गावानं जलमभर तुज्याकडं बोट दाखवू नये म्हणून पहाटं उठली ती. मी जागीच व्हते."

"तू माघारी चल."

"मी न्हाई येत आता. तिला मातुर काय इचारू नकोस."

ती गेली. गेनू घराकडे वळला. ओट्यावर चिमाजी आणि आणखी चौघं बसले होते. दारात सोजराबाई उभी होती, उजवा हात पदराखाली.

"चिमाजीबाबा," गेनू म्हणाला, "माजं माप चुकलं. खूरच व्हतं ते. आत्यानं काय केलं न्हाई, माज्या बोलण्याचा तिला राग आला म्हणून तसं बोलली."

"यंत्रानं मोजलंस की."

"यंत्र बरोबर हाय. मीच चुकलो. मला नीट मोजता येत न्हाई."

चौघांतला एक हसला. "आन कारखान्यात रं? तिथं बी असंच?"

"तिथं बी," गेनू म्हणाला.

तो खाली मान घालून आत गेला. शेजारणीने भाकऱ्या आणून ठेवल्या होत्या. सोजराबाईने ताटली घेतली, पदराखालचा हात बाहेर काढला आणि त्याला भाकरी वाढली.