फूटपट्टीची उंची

नवऱ्याचा नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या त्या जुन्या व्हर्जनवर एवढा जीव होता, की ते चालत राहावं म्हणून त्यानं एक अख्खा म्हातारा कॉम्प्युटर पोसला होता. सकाळी बटण दाबायचं, चहा करायचा, प्यायचा, कप विसळून ठेवायचे, तेव्हा कुठे तो डोळे उघडायचा. मधूनच दमा लागल्यासारखा घरघरायचा. नवरा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "चल रे बाबा, थोडंच राहिलंय आता." बायकोशीसुद्धा तो गेल्या वर्षभरात इतक्या मायेनं बोलला नव्हता.

दोघंही आर्किटेक्ट. कॉलेजात एकाच टेबलाशी बसून नकाशे काढलेले, त्यामुळे अहो-जाहोचा प्रश्न कधी आलाच नाही. घराच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजे त्यांचं ऑफिस. मोठी कामं कधी मिळाली नाहीत; पण दवाखाना, शाळेची नवी बाजू, कुणाचं छोटंसं घर असं करत करत निम्म्या गावात त्यांच्या भिंती उभ्या होत्या. आता मात्र सगळंच अडून बसलं होतं. बीम-कॉलमचा हिशोब करणारा इंजिनियर, घरच्यासारखा माणूस, एके दिवशी फोनवर म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. तुमच्या फायली आता माझ्याकडे उघडतच नाहीत. दादांना समजवा, नाहीतर मला नाइलाजानं दुसरं ऑफिस बघावं लागेल." बहुतेक कामं त्याच्याच ओळखीनं यायची. ती थांबली असती तर ऑफिसला कुलूपच लागलं असतं.

नवऱ्यापुढे विषय काढला की तो "आपलं जुनंच बरं" म्हणून हात झटकायचा. शेवटी बायकोनंच कंबर कसली. नवं व्हर्जन घेतलं आणि ते शिकवायला एक ट्रेनर ठरवली. ट्रेनर पंचविशीतली, चुणचुणीत. कुणी 'बाळ' म्हटलेलं तिला फारसं आवडत नसावं, पण बायकोच्या तोंडून दर दोन वाक्यांनी ते निघायचंच.

नवं व्हर्जन भलतंच आगाऊ निघालं. साधी रेघ ओढावी तर तिची भिंत व्हायची आणि तिला प्लास्टरही लागून जायचं. खिडकी ठेवावी तर ऊन कुठवर येईल ते न विचारता सांगायचं. बोटांना पाठ असलेली एकही गोष्ट जागेवर नव्हती. आपल्याच स्वयंपाकघरातले डबे कुणी परस्पर हलवून ठेवावेत, तशी बायकोची गत झाली. ती चिडायची, ट्रेनर हसायची, आणि आतल्या खोलीत नवऱ्याचा म्हातारा घरघरत राहायचा.

एका दुपारी जुन्या फायली नव्या व्हर्जनमध्ये आणायचं काम सुरू झालं. ड्रॉइंग म्हणजे खरं तर एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. एकावर भिंती, एकावर नळ, एकावर दिवे. त्यांना लेयर म्हणतात. नको तो लेयर लपवून ठेवता येतो. मग तो दिसतही नाही आणि छापलाही जात नाही. नव्या व्हर्जनला ही लपवाछपवी मंजूर नव्हती. जुनी फाइल पहिल्यांदा उघडताना ते सगळे लेयर सताड उघडायचं आणि वर विचारायचं, हे ठेवू की काढून टाकू?

पहिली फाइल दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची होती. ती उघडली. बसायच्या जागेत, खुर्च्यांच्या मागे, भिंतीला टेकून एक लहान मुलगी उभी होती.

"किती गोड!" ट्रेनर म्हणाली. "स्केलसाठी ठेवलीये का, मॅडम?"

बायको पडद्याजवळ सरकली.

इमारत केवढी आहे ते कळावं म्हणून नकाशात शेजारी एक माणूस उभं करतात. बाकीची ऑफिसं त्यासाठी तयार माणसं वापरतात. या दोघांनी स्वतःची मुलगी वापरली होती. ती पाच वर्षांची असताना बापानं तिला भिंतीशी उभं करून तिची आकृती काढून घेतली, दोन वेण्या आणि सुटलेल्या बुटाच्या नाडीसकट. तेव्हापासून तिचं नावच फूटपट्टी पडलं. प्रत्येक नव्या नकाशापुढे उभी राहून ती विचारायची, "हे घर किती मी आहे?" बाप बोटानं मोजायचा आणि म्हणायचा, "साडेतीन तू." मग एका तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्यानंतर आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकानं नकाशावर बोट ठेवून विचारलं, "ही छोटी कोण?" तो गेल्यावर बायको नवऱ्याला म्हणाली, "काढ तिला. पुन्हा मला कुठे दिसता कामा नये." नवरा "बरं" म्हणाला. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांसमोर तिचं नावही काढलं नव्हतं.

आणि हा दवाखाना तर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी बांधलेला होता.

बायको त्याच दवाखान्यात दाढ काढून घ्यायला गेली होती. गाल धरून त्याच खुर्च्यांवर बसली होती. त्या वेळी पाठीमागे काही जाणवलं होतं का, हे ती आठवू लागली.

"पुढची उघड," ती म्हणाली.

शाळेच्या नकाशात मुलगी जिन्याखाली होती. कुणाच्या तरी घरात कपाटाशेजारी, वाचनालयात शेवटच्या रॅकच्या आड. दारातून आत येणाऱ्याला चटकन दिसणार नाही, अशी जागा तिनं प्रत्येक ठिकाणी शोधली होती. बायकोला आधी नवऱ्याचा राग आला. मग तिच्या नजरेला काहीतरी खुपायला लागलं. वाचनालयातला रॅक फारच बुटका दिसत होता. तो तिनं स्वतः मोजूनमापून काढलेला, तो बुटका असणं शक्यच नव्हतं.

"एकेक बघत बसलो तर संध्याकाळ होईल," ट्रेनर म्हणाली. "सगळ्या फायलींमधल्या वस्तू एका पानावर गोळा करता येतात. हे बघा."

कोऱ्या पांढऱ्या पानावर, एका रेषेत, आधी दारं येऊन उभी राहिली. त्यांच्यामागून खिडक्या आल्या, झाडं आली. मग ती आली. एकामागून एक येतच राहिली, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जराशी उंच.

"अरे देवा, कुणीतरी भलताच घोळ घालून ठेवलाय," ट्रेनर म्हणाली. "स्केलचं माणूस असं कमीजास्त केलं की सगळी मापंच खोटी वाटायला लागतात. ही शेवटची तर तुमच्याएवढी आहे, मॅडम! व्हर्जन विचारतंय, सगळ्या एका मापाच्या करू की काढूनच टाकू?"

बायकोला मात्र त्यात घोळ दिसला नाही. त्यानं मुलीला दर वर्षी वाढवलं होतं. वाढवलं म्हणजे नुसतं ओढून मोठं केलं होतं. रांगेच्या टोकाला बाईच्या उंचीची एक पाच वर्षांची मुलगी उभी होती. मोठं डोकं, आखूड पाय, हातभर लांब बूट आणि त्याची लोळणारी नाडी. बघून भीती वाटावी अशी. बायकोला भीती वाटलीही, आणि तरीही धावत जाऊन तिला पोटाशी धरावंसं वाटलं.

"काही दाबू नकोस," ती ट्रेनरला म्हणाली आणि उठून आतल्या खोलीत गेली.

नवरा कॉम्प्युटरपुढे हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"दिसली ना?" तो म्हणाला. "ते नवं सगळं उघडं पाडणार हे मला माहीत होतं. म्हणून तर नको म्हणत होतो."

"तू काढतो म्हणाला होतास."

"तुला दिसता कामा नये म्हणालीस. नाही दिसू दिली. पुढचा चेहरा कसा होत गेला असता, ते मला काही केल्या सुचेना गं. म्हणून नुसती उंची वाढवत गेलो."

आपण किंचाळू असं तिला वाटलं, पण आवाज अगदी बारीक निघाला. "इतकी वर्षं तू एकटाच भेटत होतास तिला. मी भिंतीपलीकडे बसलेली असायचे रे! एक हाक मारायची." तिला नवऱ्याचा हेवा वाटत होता, सरळसरळ हेवा, आणि त्याची लाजही वाटत नव्हती. तिनं डोळे पुसले. "आता कुठे आहे? सध्याच्या कामात कुठे ठेवलीस? दाखव मला."

"नाहीये."

"म्हणजे?"

"वर्ष झालं. कुठल्याच कामात नाहीये." नवऱ्यानं तिच्याकडे न बघता सांगितलं. "एवढी मोठी झाली. आईबापाच्या मागून परक्यांच्या घरांत किती दिवस फिरणार? म्हटलं, आता तिचं तिचं घर असेल."

गेल्या वर्षी नवरा अचानक गप्प झाला होता. जेवणावरची वासना उडाली होती, बसल्या जागी तंद्री लागायची. बायकोनं त्याला ओढत नेऊन रक्त तपासून घेतलं, डॉक्टर बदलून पाहिले, पण काही निघालं नव्हतं. घरातून लेक गेली होती आणि ते एकट्या बापालाच ठाऊक होतं.

"मला आत्ता भेटली ती," बायको म्हणाली. "आत्ता, एवढ्यात. आणि तू तिला पाठवून मोकळा झालास?"

तो तिच्या हातावर हात ठेवायला गेला, तिनं तो झटकला.

"आणि घर असेल म्हणजे काय? कुठलं घर? तू काढलंस?"

"नाही."

"मग राहते कुठे ती?"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यभर लोकांना घरं काढून देणाऱ्या या माणसाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. कुठेतरी रस्त्यावर, बंद दारांसमोरून आपली ती अवाढव्य मुलगी वर्षभर एकटीच चालली आहे, असं दोघांना एकदमच दिसलं. बायकोनं त्याला मनगट धरून उठवलं.

बाहेर ट्रेनर खुर्चीत अवघडून बसली होती. पडद्यावर तो प्रश्न तसाच थांबलेला होता.

"या आहेत तशाच राहू देत, बाळ," बायको म्हणाली. "लपवूही नकोस आणि काढूही नकोस. आम्हाला नवी फाइल उघडून दे. घर काढायचंय."

"आत्ता?"

"वर्षभर उशीरच झालाय."

नवऱ्यानं खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच तो नव्या व्हर्जनसमोर बसला. माऊस बायकोनं धरला. कोरं पान उघडलं.

"राहणार किती जण ते आधी भरावं लागतं," ट्रेनर म्हणाली. "त्यावरून ते खोल्या सुचवतं."

"एक," नवरा म्हणाला. "आमची मुलगी."

"एकच," बायको म्हणाली. "पण एक जास्तीची खोली आमच्यासाठी धर. आज ना उद्या आम्हीही जाणार आहोत तिच्याकडे राहायला."

ट्रेनरनं मान डोलावली आणि दोन खोल्या लिहिल्या.