सासऱ्यांच्या चालीचा राक्षस

राक्षस सगळा तयार होता. फक्त त्याला चालता येत नव्हतं.

म्हणजे पाय होते. चांगले झाडाच्या बुंध्यासारखे दोन पाय होते. स्टुडिओतल्या दोघांनी मिळून संगणकावर त्याचा सांगाडा रचला होता, पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने त्यावर सुरकुत्यांचं कातडं चढवलं होतं, आणि कोपऱ्यातला एक अबोल माणूस त्याच्या अंगावर ऊन कुठून पडावं याचा महिनाभर विचार करत बसला होता. पण या सगळ्या थाटात जीव ओतायचा, त्याला चालवायचं, बसवायचं, मान वळवायला लावायचं, हे काम एका अ‍ॅनिमेटरकडे होतं. स्टुडिओत त्याला काहीही म्हणोत, ही गोष्ट जितकी त्याची तितकीच त्याच्या सासऱ्यांची आहे, तेव्हा आपला तो जावई.

स्टुडिओतल्या कामाची पारख करणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे ‘चाळण’ म्हणत, कारण त्यांच्या डोळ्यांतून जाडंभरडं काही खाली पडत नसे. चाळणबाईंनी पडद्यावर राक्षसाला चालताना पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

“हा राक्षस नाही, फुगा आहे,” त्या म्हणाल्या. “पाय टेकतोय, पण जमिनीला त्याची खबरच नाही. सातशे वर्षं जगलाय ना हा? मला तर कालच दुकानातून आणल्यासारखा वाटतोय.”

जावई कामाला लागला. या धंद्यात लाज आधी काढून खुंटीला टांगावी लागते. त्याने भरलेला पाण्याचा कॅन खांद्यावर घेतला, स्टुडिओच्या बोळातून डुलत डुलत चालला, स्वतःचं चित्रण केलं आणि ती चाल राक्षसाच्या अंगी उतरवली.

“आता?” त्याने विचारलं.

“आता हा पाण्याचा कॅन उचललेला तू आहेस,” चाळणबाई म्हणाल्या. “शिंगं लावून.”

तीन आठवडे असे गेले. आणि त्याच सुमारास त्याचे सासू-सासरे पंधरा दिवसांसाठी मुक्कामाला आले, कारण त्यांच्या घरी न्हाणीघराची फरशी उखडली होती.

सासरे शिंपी. चाळीस वर्षं पुरुषांचे कोट शिवलेले. माणूस दारातून आत आला की त्याचं नाव विचारायच्या आधी त्यांना त्याची छाती-कंबर कळे. आपला जावई नेमकं करतो काय, हे मात्र सहा वर्षांत त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. एकदा त्याने भोळेपणाने सांगून टाकलं होतं, की दिवसभर खपलं की राक्षस साधारण दीड सेकंद हलतो. तेव्हापासून तो घरी आला की सासरे वर्तमानपत्रामागून विचारत, “काय जावईबापू, आज किती हललं?”

“दीड सेकंद, बाबा.”

“दीड सेकंदात मी सुईत दोरा ओवतो.”

मग सासूबाईंची पाळी. त्यांच्या जिभेवर यमकं अशी बसलेली असत, जशा तारेवर चिमण्या. भाजी निवडता निवडता त्या सुरू करत:

“जावई माझा गुणाचा, काम त्याचं भारी,
बसल्या जागी हलवतो राक्षसाची स्वारी!”

“आई, पुरे,” बायको म्हणायची, आणि स्वतःच तोंड फिरवून हसायची.

अशाच एका सकाळी जावई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता. सासरे झोपायच्या खोलीतून निघाले, बोळातून गॅलरीतल्या खुर्चीकडे. आणि जावयाचा कप ओठांपर्यंत येऊन तिथेच थांबला.

उजवं पाऊल सरळ पडत नव्हतं. आधी त्याची बाहेरची कड टेकायची, मग जरा विचार केल्यासारखं करून उरलेलं पाऊल खाली यायचं. डावा हात भिंतीवरून सरकत होता. टेकण्यासाठी नाही हं, भिंतीचं कापड कसल्या प्रतीचं आहे ते चाचपून बघावं तसा. खुर्चीपाशी आल्यावर हात मागे जाऊन दांडा शोधायचा, शरीर निम्म्यापर्यंत उतरायचं, थांबायचं, श्वास अडायचा, आणि शेवटची चार बोटं उंची ते एकदम सोडून द्यायचे, विहिरीत बादली सोडावी तशी. खुर्ची करकरायची. आणि बसल्यावर, मशीन नाही, कापड नाही, तरी त्यांचं पाऊल आपोआप खालीवर व्हायला लागायचं. चाळीस वर्षं पायमशीन चालवलेलं पाऊल ते, त्याला रिकामं बसणं ठाऊक नव्हतं.

सातशे वर्षं! जावयाच्या मनात आलं. हेच ते वजन!

त्याने मोबाइल काढला. दाराआडून, पाठमोरं, तीन सकाळी त्याने सासऱ्यांचं चित्रण केलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर ते ताठ होऊन वरातीतल्यासारखे चालले असते, अशी त्याने आपल्या मनाची समजूत घातली.

एका सेकंदाची चोवीस चित्रं होतात. त्याने ती एकेक करून पाहिली, पुढे पाहिली, मागे पाहिली. वहीत लिहिलं: सतरावं चित्र, श्वास थांबतो. एकतिसावं, सुटतो. पाऊल आधी बाहेरून. मग हे सगळं त्याने सात मजली राक्षसाच्या अंगात भरलं. खुर्चीच्या जागी डोंगराचा कडा दिला, भिंतीच्या जागी जंगल. राक्षस झाडांच्या शेंड्यांवरून हात फिरवत आला, थांबला, कड्यावर निम्मा उतरला, आणि उरलेला धपकन बसला. मग त्याचं पाऊल खालीवर होऊ लागलं.

चाळणबाईंनी ते पुन्हा एकदा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

“हा कुठे भेटला तुला?”

“असाच,” जावई म्हणाला.

दिग्दर्शक तर त्या पावलावर लट्टू झाला. त्याने खालच्या गावातली भांडी त्या ठोक्यावर थरथरवायला लावली.

चित्रपट बाहेर पडण्याआधी स्टुडिओतल्या सगळ्यांसाठी सकाळचा एक खेळ ठेवला होता, घरच्या माणसांसकट. सासू-सासरे तोवर आपल्या नव्या फरशीवर परतले होते. जावई बायकोला म्हणाला, “त्यांना कशाला त्रास? खुर्च्या अरुंद असतात, आवाजही फार असतो.”

“सहा वर्षं बाबा विचारतायत, तू काय करतोस म्हणून,” बायको म्हणाली. “आता दाखवायची वेळ आली तर खुर्च्या अरुंद झाल्या का?”

त्याने आपली समजूत काढली. राक्षसाला शिंगं होती, पाठीवर शेवाळ होतं, नाकाच्या जागी गुहा होती. कोण ओळखणार? आणि ओळखलंच, तर? सहा वर्षं ज्या माणसाने आपल्याला ‘हा खरा कामाचा’ म्हणावं असं वाटत होतं, त्याच माणसाला आपण शिंगं लावून चारशे लोकांपुढे बसवलेलं होतं.

सासरे स्वतः शिवलेला कोट घालून आले. दिवे मालवले. अर्ध्या तासाने धुक्यातून राक्षस निघाला. झाडांवरून हात फिरवत आला. कड्यापाशी थांबला. हात मागे गेला, अंग निम्मं उतरलं, श्वास अडला.

काळोखात सासूबाईंचा आवाज खणखणला, “अगं बाई! अहो, हे तर तुम्ही!”

धप्प. राक्षस बसला. पाऊल हलू लागलं.

पुढची रांग वळून हसली. मागची न वळता हसली. जावयाने खुर्चीत आपलं डोकं खांद्यांत ओढून घेतलं. बाजूला बायको पडद्याकडे बघत होती, पण हसत नव्हती. ती राक्षसाच्या गुडघ्याकडे बघत होती.

मध्यंतरात सासरे उठले आणि बाहेर जाऊन भिंतीपाशी उभे राहिले. जावई मागोमाग गेला.

“बाबा, रागावलात?”

“शिंगं बरी आहेत,” सासरे म्हणाले. मग कोटाची बाही सरळ करत, “मागून घेतलंत वाटतं मला.”

“हो. स्वयंपाकघराच्या दारातून.”

“मी गिऱ्हाइकाला विचारून टेप लावतो, जावईबापू.”

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो वर्मी लागला.

“राक्षस केलात त्याचं काही नाही,” सासरे म्हणाले. “आमच्या गिऱ्हाइकांनी याहून वाईट म्हटलंय. पण मला वाटत होतं, कुणाला दिसत नाही. आठ महिने मी हिला सांगतोय, काही नाही, चप्पल चावते.”

“चप्पल चावते म्हणे!” सासूबाई मुलीला घेऊन येऊन ठाकल्याच होत्या. “सात मजली राक्षसाला कुठल्या दुकानातली चप्पल चावते हो? अनवाणी तर आहे तो!”

मग बायको नवऱ्याकडे वळली. ती हळूच बोलली.

“किती वेळा बघितलंस तू ते चालणं?”

“चारशे वेळा असेल.”

“आणि चारशेतल्या एकदाही तुला वाटलं नाही, की बाबांना दुखत असेल?”

सतरावं चित्र, श्वास थांबतो, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. का थांबतो, हे लिहायला वहीत जागाच सोडली नव्हती. जे घरातल्या कुणाला दिसलं नाही ते त्याला तसूतसूने दिसलं होतं, आणि त्याचं त्याने काय केलं, तर शेवाळ लावलं.

“चुकलं माझं, बाबा,” तो म्हणाला. “न विचारता घेतलं ते चुकलं. आणि घेऊनही विचारलं नाही, ते त्याहून जास्त.”

सासरे त्याच्याकडे बघत राहिले. गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशापुढे उभं राहिलं की शिंपी बघतो, तसं. कुठे सैल आहे, कुठे घट्ट.

“माप मात्र बिनचूक घेतलंत,” शेवटी ते म्हणाले. “मला स्वतःला डॉक्टरपुढे एवढं सांगता आलं नसतं. मी म्हणालो असतो, जरा दुखतं.”

“मोबाइलमध्ये आहे अजून सगळं. त्यांना दाखवू या. उद्याच जाऊ, मी सुट्टी घेतो.”

“माझं तेवढं दाखवा. राक्षसाला नेऊ नका, दवाखान्याचं दार लहान आहे.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की डोळे पुसत होत्या, ते त्यांनाच माहीत.

“आणि हे कातडं कुणी शिवलंय?” सासरे एकाएकी म्हणाले.

“आमच्या इथली एक मुलगी आहे.”

“तिला सांगा, काखेत चुकलंय. हात मागे गेला की तिथे ताण पडायला हवा, चुण्या खांद्याकडे धावायला हव्यात. कापड असो नाहीतर कातडं, काख कुणाला सोडत नाही. एवढी मेहनत आणि काखेत खोटं!”

“सांगतो,” जावई म्हणाला. चाळणबाईंच्या चाळणीतून जे निसटलं, ते इथे अडकलं होतं.

घंटा वाजली. सगळे आत गेले. या वेळी सासरे भिंतीवर हात नीट टेकवून, पाऊल कसं पडायचं तसं पडू देत, सावकाश चालले. बायको त्यांच्या एका बाजूला चालली.

उत्तरार्धात गावकरी राक्षसाच्या मागे लागले, आणि तो डोंगर चढू लागला. भराभरा चढला. एक कडा, दुसरा कडा, श्वास न अडता, गुडघा न कुरकुरता. सासरे पुढे वाकले, डोळे बारीक केले, मग जावयाच्या कानाशी लागले.

“हे कुणाचे पाय?”

“माझे,” जावई पुटपुटला. “स्टुडिओच्या जिन्यावर घेतले.”

“वाटलंच,” सासरे मागे टेकत म्हणाले. “नुसती घाई.”