मब्रूकाखालाचे उपास

“खाला, हे काय आणलंत?”

मब्रूकाखालानं मांडीवरच्या पिशवीतून वीतभर विणलेली पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली. शौच कधी, घाई किती, कपडे खराब झाले का, हे पंधरा दिवस लिहून आणा, असं मी सांगितलं होतं. मी नर्स; अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बायका मीच बघते. खालाला अक्षर येत नाही, पण गालिचे विणण्यात अख्ख्या कैरुआन शहरात तिचा हात धरणारं कोणी नाही. रोजची एक ओळ. शौचाला पांढरी गाठ, कपडे खराब झाले की लाल. लाल गाठी मी एकेक करून मोजल्या. बावीस वर्षं! मुलीच्या, हयेतच्या वेळी बाळंतपणात फाटलं, तेव्हापासून शौच आवरत नाही, आणि बाई गप्प. जादा कपड्यांची ती पिशवी तेवढी सदा जवळ.

“आणि या ओळी कोऱ्या कशा?”

“सोमवार-गुरुवार. उपास असतो ना.”

या उपासांचं साऱ्या मोहल्ल्यात कौतुक. माझी आई तर उठताबसता टोमणा मारायची, “त्या मब्रूकाकडून शीक जरा!” खालानं मान खाली घातली.

“बाहेरची कामं त्याच दोन दिवशी ठेवते, आणि बाहेर जायचं असलं की खात नाही गं मी. पोट रिकामं, तर भीती नाही. लोक पुण्यवान म्हणतात, मी म्हणू देते. अल्लाला काय ते ठाऊक.” मग तिनं माझा हात धरला. “तीन महिन्यांनी हयेतच्या लग्नाचं सामान पोचवायला व्याह्यांकडे जायचंय. विहिणीबरोबर एका परातीत जेवावं लागतं. नाही म्हटलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. जमेल का?”

“खात्री नाही देत. पण दोघी मिळून मेहनत करू.”

तपासलं. गुदद्वाराचा स्नायू ढिला होता, पण जीव होता त्यात. “वारा अडवताना आवळतो तसं आवळायचं,” मी म्हटलं, “प्रत्येक नमाजानंतर दहादा, म्हणजे विसरायला नको.” दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी भरमसाट जेवणं बंद केलं. शौच पातळ होऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली.

“या वयात नको तिथं कसरत!” म्हणत खाला दर पंधरवड्याला नवी पट्टी आणायची आणि आम्ही हसून बेजार व्हायचो. लाल गाठी कमी झाल्या. पार गेल्या मात्र नाहीत.

सामान पोचवायला तिनं मलाही नेलं. नेमका गुरुवार. रव्याच्या कुसकुसची, वर मटण रचलेली परात आली तशी कोणीतरी म्हणालं, “मब्रूकाचा उपास असेल.”

“आज नाही,” खाला म्हणाली. “सरक गं, जागा दे.”

विहिणीनं मटणाचा मऊ तुकडा तिच्यापुढे सरकवला. तो खाऊन तिनं आणखी मागितला, आणि मग चहा-गाण्यांत दोन तास मजेत बसली. या नोकरीला मी कितीदा शिव्या घातल्यात. त्या दिवशी अल्लाचे आभार मानले.

निघताना खाला सगळ्यांच्या पुढे, गात गात. तिच्या जागेवर पिशवी तशीच राहिली होती. मी गुपचूप उचलून आणली. अजून माझ्याच कपाटात आहे. खाला मागायला आलेली नाही.