उरलेले नऊ यार्ड

ऑरिन स्टाडलरने मोडलेली करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने आवळून बांधली, पट्टीचं टोक दातांनी तोडलं आणि काढून ठेवलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं. अमेरिकन फुटबॉलचा तो सामना केव्हाच निकालात निघाला होता. फलकावर त्यांच्या हॉलोवे कॉलेजचे पंचेचाळीस आणि मिलार्डचे दहा गुण लागले होते. कोच मॅब्रींनी मुख्य खेळाडूंना बाहेर बसवून राखीव पोरांना मैदानात सोडलं होतं, आणि प्रेक्षकांतली म्हातारी मंडळी घोंगड्या झटकून घरी निघायच्या बेतात होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून, आकडेवारी ठेवणाऱ्यांच्या खोलीतून, फोन आला. कोचनी तो ऐकला, खाली ठेवला आणि बाकांकडे वळून ओरडले,

"जुनी फळी आत! टेव्हिनला तेरा यार्ड हवेत. फक्त तेरा!"

कसले तेरा, हे कुणाला सांगावं लागलं नाही. कपडे बदलायच्या खोलीतून मैदानाकडे येणाऱ्या बोगद्याच्या भिंतीवर कॉलेजचे सगळे विक्रम रंगवून ठेवले होते. सगळ्यात वर, एका सामन्यात चेंडू घेऊन सर्वांत लांब पळालेल्याचं नाव होतं: बड क्रेन, एकोणीसशे छप्पन, तीनशे चार यार्ड. अडतीस वर्षं त्या नावाला कुणी हात लावला नव्हता. तिथला रंग पोपडे धरून पुन्हा दोनदा दिला गेला होता, पण नाव तेच राहिलं होतं. आज टेव्हिन प्रुइट दोनशे ब्याण्णव यार्ड पळाला होता.

टेव्हिन बाकावरून उठला. अंगाने सडसडीत, मानेत थोडा वाकलेला. चार वर्षं तो आणि ऑरिन एकाच खोलीत राहत होते. मैदानात ऑरिनचं काम एवढंच की समोर येईल त्याला रेटून बाजूला करायचं आणि टेव्हिनसाठी वाट मोकळी करायची. विशी ओलांडतानाच ऑरिनचे केस गळायला लागले होते, म्हणून टेव्हिन त्याला म्हातारा म्हणायचा.

"चल म्हाताऱ्या," टेव्हिन त्याच्या पाठीत थाप मारत म्हणाला. "अजून एकदा वाट काढून दे. आई वर बसलीय. श्रीव्हपोर्टहून रात्रभर गाडी हाकत आलीय बिचारी."

कॅन्ससचा नोव्हेंबरातला वारा मैदानभर आडवा सुटला होता. गवत गोठून कडक झालं होतं. मिलार्डची पोरं आपापल्या जागी उभी होती आणि हॉलोवेची जुनी फळी परत येताना बघत होती. ऑरिनच्या समोर लॉनी व्हॉस होता. दुपारपासून दोघं एकमेकांना बदडत होते. व्हॉसच्या नाकातून रक्त ओठांवर उतरून सुकलं होतं.

"पस्तीस गुणांनी पुढं आहात ना रे?" व्हॉस खाली वाकत म्हणाला. "मग परत कशाला कडमडलात?"

ऑरिनने पट्टी बांधलेला हात गोठलेल्या गवतावर टेकवला.

"विक्रम होय? आमच्या मढ्यावर बसून विक्रम करणार? आण त्याला इकडं. एकेक यार्ड त्याच्या बरगड्यांतून वसूल करतो."

चेंडू निघाला. दोघं एकमेकांवर आदळले. व्हॉसची बोटं हेल्मेटच्या जाळीतून आत शिरली आणि ऑरिनच्या डोळ्याकडे चाचपडत गेली. ऑरिनने कोपर त्याच्या गळ्यात घातलं. बाजूने टेव्हिन सटकला हे त्याला नुसत्या श्वासावरून कळलं. पण पुढे दोघांनी टेव्हिनचे पाय धरले, त्याला उभ्याउभ्या अडकवलं, आणि ऑरिनच्या हातून निसटलेला व्हॉस डोकं खाली घालून बैलासारखा त्याच्यावर गेला. आवाज असा झाला की ऑरिनला वाटलं, आपल्याच कवटीत काहीतरी फुटलं. टेव्हिनचं हेल्मेट उडून घरंगळत गेलं. तो पालथा पडला होता. मिलार्डचं एक पोरगं उठता उठता, घाई न करता, बुटाचे खिळे त्याच्या पंजावर रोवून पुढे गेलं.

मग एकच धुमश्चक्री उडाली. ऑरिनने त्या पोराला मानगूट धरून मागे ओढलं, कुणीतरी ऑरिनच्या पोटरीवर लाथ घातली, पंच शिट्ट्या फुंकत मधे घुसले. गर्दी पांगली तेव्हा मिलार्डचा एक जण गुडघा धरून विव्हळत पडला होता आणि टेव्हिन उभा राहिला होता. त्याने आपलं हेल्मेट उचललं, डोक्यात घातलं आणि शांतपणे चालत जाऊन मिलार्डच्या घोळक्यात उभा राहिला. गुडघ्यांवर हात ठेवून, पुढची चाल ऐकायला वाकून.

मिलार्डची पोरं हसायला लागली. ऑरिन धावत गेला आणि त्याला दंडाला धरून घेऊन आला.

"टेव्ह, माझ्याकडं बघ. आज कुणाशी खेळतोय आपण?"

टेव्हिनने बघितलं. एका डोळ्यातली बाहुली नेहमीसारखी होती, दुसरी काळी, मोठी, सगळा डोळा व्यापून बसलेली.

"ल्यूथर, डोकं नको खाऊस," तो म्हणाला.

ल्यूथर हा त्याचा थोरला भाऊ. तो श्रीव्हपोर्टला होता.

गुडघेवाल्या पोराला उचलून नेईपर्यंत खेळ थांबला होता. ऑरिन कडेला पळत गेला.

"कोच, टेव्हिनला बाहेर घ्या. डोक्याला लागलंय त्याच्या. मला ल्यूथर म्हणतोय."

"उभा आहे ना?"

"उभा आहे, पण..."

"मग?" मॅब्रींची नजर मैदानावरून हलली नाही. "असा दिवस चाळीस वर्षांत एकदा उजाडतो, स्टाडलर. त्याचं नाव त्या भिंतीवर लागणार आहे. तुला पुढच्या वर्षी माझ्या हाताखाली कोच व्हायचंय ना? मग आधी हे शिक, तोंड कधी उघडायचं आणि कधी मिटायचं." त्यांनी लांबूनच टेव्हिनला अंगठा दाखवला. टेव्हिननेही अंगठा वर केला. "बघ. काय झालंय त्याला?"

भोंग्यावरून घोषणा झाली की आता नऊच यार्ड उरले. निघालेले लोक जिन्यांवर थांबले आणि मागे फिरले. ऑरिन परतला तसा टेव्हिनने त्याच्या जर्सीचा गळा धरला.

"काय सांगितलंस कोचला?"

"बाहेर हो टेव्ह. आता बास."

"नऊ राहिलेत! माझ्या तोंडचा घास काढलास ना म्हाताऱ्या, तर जबडा फोडीन तुझा."

ऑरिनने त्याची बोटं सोडवली. ती बर्फासारखी गार होती. आपल्या जागेवर जाऊन तो वाकला आणि त्याने व्हॉसकडे रोखून पाहिलं. या एका खेपेला टेव्हिनला कुणी शिवता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. नऊ यार्ड झाले की सुटला.

चेंडू निघाला. व्हॉस बगल देऊन निसटायला लागला तसा ऑरिनने दोन्ही मुठींत त्याची जर्सी धरली, त्याला गरकन फिरवून आपटलं आणि त्याच्या छातीवर गुडघा दिला. नियमात बसत नव्हतं ते. टेव्हिन मोकळ्या वाटेने निघाला. कुणाचं बोटही त्याला लागलं नाही. वीसेक यार्ड पळून तो आपोआप थांबला, जणू कुणी चावी काढून घेतली. स्टेडियम उसळलं. बँड वाजू लागला. भोंग्यावरचा माणूस घसा फाडून नवा विक्रम, नवा विक्रम म्हणून ओरडत होता. टेव्हिन चेंडू पोटाशी धरून इकडेतिकडे बघत उभा होता, आणि सगळी पोरं त्याच्या अंगावर उड्या टाकत होती.

हळूहळू लोकांना दिसलं. ऑरिनच्या पायाशी पंचांचा नियमभंगाचा पिवळा रुमाल पडला होता.

हॉलोवे, नंबर सहासष्ट, प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवलं. पळ रद्द. चार वर्षांत भोंग्यावरून ऑरिनचा नंबर पहिल्यांदाच पुकारला गेला होता. वरून शिव्या आल्या, मग कागदी पेले, कुणाचा तरी गरम कोको त्याच्या खांद्यावर सांडला.

व्हॉस उठला. दातांना रक्त होतं आणि तो हसत होता.

"मेहरबानी रे बाबा! आणा परत त्याला. आता मी एकटा नाही येणार."

तो खोटं बोलत नव्हता. मिलार्डची मागची पोरंसुद्धा पुढे सरकून रांगेला चिकटली होती. चेंडूकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे एकट्या टेव्हिनकडे बघत होते, आणि टेव्हिन आपल्या जागेपासून हातभर चुकीच्या बाजूला उभा होता. त्याच्या खालच्या ओठावरून लाळेची तार लोंबत होती. ऑरिनने मान वळवून त्याला पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. व्हॉसच्या जर्सीचे धागे अजून त्याच्या नखांत अडकलेले होते.

चेंडू निघाला. सगळे पुढे झेपावले आणि ऑरिन मागे वळला.

टेव्हिनने चेंडू घेऊन दोन पावलं टाकली होती. ऑरिनने त्याला कमरेत मिठी मारून उचललं, पडता पडता अंग वळवून स्वतः खाली गेला, त्याला छातीवर झेललं आणि कूस बदलून त्याच्यावर पसरला. वरून व्हॉस कोसळला, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. गुडघे, कोपरं, खिळे. ऑरिनच्या पाठीत कुठेतरी बरगडी कट्‌कन वाजली. शिट्टी झाली. एवढ्या मोठ्या स्टेडियमात असा शुकशुकाट पसरला की झेंड्याच्या खांबावर आपटणारी दोरी ऐकू येत होती.

"सोड मला!" टेव्हिन खालून त्याच्या हनुवटीवर बुक्के मारत होता. "सोड, हरामखोरा!"

"डॉक्टर येऊ दे. तोवर नाही सोडणार."

मिलार्डची पोरं उठून बाजूला झाली. त्यांना काय चाललंय ते समजेना. मग हॉलोवेच्याच पोरांनी ऑरिनला ओढायला सुरुवात केली. चार वर्षं त्याच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या एकाने त्याच्या बरगडीत लाथ घातली. नेमकी त्याच बरगडीत. ऑरिनच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्याने मिठी सोडली नाही. मॅब्री धावत आले, हेल्मेटची जाळी धरून त्यांनी त्याची मान पिळली आणि तोंडाजवळ तोंड आणून म्हणाले,

"परत मला तोंड दाखवू नकोस. ती नोकरी विसर. हे गावच विसर."

तेवढ्यात टेव्हिनचे बुक्के ढिले पडले. त्याने ऑरिनच्या खांद्यावर भडाभडा ओकारी काढली आणि त्याचं डोकं एका बाजूला कललं. मॅब्रींचा हात जाळीवरून सुटला. डॉक्टर पळत येत होते.

सामना संपायच्या आतच टेव्हिनला बोगद्यातून उपचारांच्या खोलीत नेलं. ऑरिनला आत कुणी घेतलं नाही आणि बाहेर कुणी हाकललंही नाही. तो दाराबाहेर भिंतीला टेकून, एक हात बरगडीवर दाबून उभा राहिला. जांभळा कोट घातलेली एक ठेंगणी बाई लोकांना ढकलत आली. टेव्हिनची आई, व्हर्नेटा.

"तू होतास ना तो?" ती त्याच्यापुढे थांबली. "तूच पाडलंस ना त्याला?"

"हो, मावशी."

तिने त्याच्या मुस्काटात भडकावली. आधीच फुटलेला ओठ पुन्हा उसवला.

"चार वर्षं सुट्टीत माझ्या घरी येऊन ताटावर ताट जेवलास. माझा पोरगा समजून वाढलं तुला. आणि लोकांसमोर त्याला मातीत घातलंस? त्याला आयुष्यात आपलं म्हणायला एवढं एक मिळत होतं रे!"

तिने हात पुन्हा उगारला. त्याने तोंड बाजूला केलं नाही, नुसते डोळे मिटले.

"म्हातारा आहे का बाहेर?" आतून टेव्हिनचा आवाज आला.

हात खाली आला. आधी ती आत गेली, मागून तो. टेव्हिन टेबलावर उताणा होता, मानेला पट्टा घातलेला. डॉक्टर बारक्या टॉर्चने त्याच्या डोळ्यांत बघत होते.

"म्हाताऱ्या, झालं का? किती झाले?"

ऑरिनने व्हर्नेटाकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"झालं," तो म्हणाला. "विक्रम तुझा."

टेव्हिन हसला. लहान पोर झोपेत हसतं तसा. "आईला सांग."

"इथंच आहे ती."

व्हर्नेटाने त्याच्या कपाळावर तळवा ठेवला आणि वर बघून ऑरिनला डोळ्यांनीच जाळलं. पोराशी खोटं बोलतोस, असंच काहीतरी ती म्हणणार होती. पण टेव्हिनने डोळे उघडले. पुन्हा तसंच, काहीतरी छान ऐकायला मिळणार अशा चेहऱ्याने त्याने ऑरिनकडे पाहिलं.

"म्हाताऱ्या, झालं का? किती झाले?"

डॉक्टरांनी टॉर्च विझवला. दाराकडे जाऊन अॅम्ब्युलन्स कुठे अडकली म्हणून ते कुणावर तरी खेकसले.

ऑरिनने बोलायला तोंड उघडलं, पण सुजलेल्या ओठातून शब्द नीट फुटेना. व्हर्नेटा टेव्हिनच्या कानाशी वाकली.

"झालं रे राजा. सगळ्यांच्या पुढं गेलास. अख्खं गाव उभं राहिलं होतं तुझ्यासाठी."

टेव्हिन हसला आणि त्याने डोळे मिटले. तिने एका हातात त्याचा ठेचलेला पंजा घेतला, दुसऱ्या हाताने भिंतीकडचं स्टूल ओढलं आणि ऑरिनकडे न बघताच त्याच्यापुढे सरकवलं.

"बस इथं," ती हळू आवाजात म्हणाली. "तो परत विचारणार आहे."