पंख फुटताच

या पोल्ट्रीत कोंबड्यांची पिल्लं वाढवण्यात मावशींची एकवीस वर्षं गेली होती. नव्या साहेबांना येऊन आठ दिवस झाले होते, आणि तेवढ्यात त्यांनी सगळा कारभार सुधारायला काढला होता. साहेब म्हणजे मालकांचे जावई. पिल्लू हातात घ्यायची वेळ आली की त्यांना नेमका फोन यायचा.

पहिली सुधारणा म्हणून त्यांनी उबेच्या खोलीच्या दारावर पाटी ठोकली: ‘पंख फुटताच पिल्ले गार शेडमध्ये हलवावीत.’ मावशींनी सांगून पाहिलं, की पंख पिल्लू अंड्यातून घेऊनच येतं, फुटतात ती पिसं. पंखांवर ती चार दिवसांत दिसतात, पण पाठ आणि छाती भरेपर्यंत दिव्याची ऊब लागतेच. साहेबांनी कपाटातून शब्दकोश काढला आणि ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं: पंख फुटणे, म्हणजे पिल्लास पिसे येणे. कोशात आहे म्हटल्यावर विषय संपला. जणू पिल्लं कोश चाळूनच कवचाबाहेर पडत होती.

पुढच्या आठवड्यात मावशी भाचीच्या बाळंतपणासाठी तीन दिवस रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईनं पाटी वाचली, पाच दिवसांच्या पिल्लांचे पंख उघडून पाहिले. पिसं होती. चारशे पिल्लं गार शेडमध्ये गेली. सकाळी ती एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली सापडली. खालची दीडशे गुदमरून मेली होती.

मावशी परतल्या तेव्हा साहेब त्या बाईला सगळ्यांदेखत फैलावर घेत होते. साधी पाटी कळत नाही, अक्कल गहाण टाकली होती का, वगैरे. बाई मान खाली घालून उभी होती.

मावशींनी वाचलेल्यांतलं एक पिल्लू उचललं, उलटं धरलं आणि साहेबांच्या नाकासमोर नेलं. छातीवर नुसती पिवळी लव.

“तिनं पाटीवर लिहिलंय तेच केलं,” त्या म्हणाल्या. “पाटी तुमची आहे.”

साहेबांचे कान लाल झाले. “मावशी, तुम्हाला हल्ली फारच पंख फुटलेत.”

“हा अर्थ मात्र तुम्हाला बरोबर येतो.”

कोणी हसलं नाही, पण कोणाला खाली बघायचीही गरज वाटली नाही. साहेबांना तेवढ्यात फोन आला.

दुपारी त्यांनी पाटीवर ‘पंख’च्या पुढे लाल शाईनं ‘पूर्ण’ हा शब्द घुसडला आणि अहवालात कारण लिहिलं: थंडी. मावशींनी नव्या बाईला उबेच्या खोलीत नेऊन पिल्लाच्या पाठीवर बोट उलटं फिरवून लवेखाली पिसं आलीत का ते बघायला शिकवलं. पाटी वाचायची नाही, एवढंच वर बजावलं.